खात्यात १,९०० युरो, पण त्यातले तुझे किती?

प्रश्न : ताई, मी मूळची सांगलीची, वय २४. स्पेनमधल्या वालेन्सियात एक वर्षाचं मास्टर्स करतेय, जुलैत प्रबंध दिला की संपेल. बाबांच्या सहीनं २२ लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे, व्याज साडेदहा टक्के. येत्या १ मेला शुक्रवारची सुट्टी आहे, म्हणून वर्गातले आम्ही सहाजण तीन दिवस इबिझा आणि फोर्मेन्तेरा बेटांवर जायचं म्हणतोय. माणशी १८० युरो येतील असा हिशोब झालाय. माझ्या इथल्या खात्यात १,९०० युरो आहेत. कर्जातले १ लाख २० हजार अजून उचललेले नाहीत, ते काढून घेतले तर सहलही होईल आणि जुलैचीही सोय होईल. बाबा म्हणतात, जाऊन ये, परत कधी जाणार आहेस. आई काहीच बोलली नाही. जाऊ का? आणि भाड्याच्या गाडीच्या डिपॉझिटला बाबांच्या क्रेडिट कार्डावरचं माझं जोडकार्ड द्यायचं ठरतंय, ते चालेल ना?

उत्तर : कार्डाचं आधी सांगते, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. नाही चालणार. का, ते पुढे येईलच.

आता सहल. तू पाठवलेला महिन्याचा हिशोब मी दोनदा वाचला. खोली ३८०, वीज-इंटरनेट ४०, किराणा आणि बाहेरचं खाणं १८०, मेट्रो-फोन ३५, किरकोळ ५५. म्हणजे ६९०. घरून ५००, आणि शनिवार-रविवारच्या कॅफेतल्या शिफ्टचे हातात येणारे २७०, मिळून ७७०. महिन्याला ८० युरो शिल्लक. परक्या देशात, कर्जावर शिकणाऱ्या मुलीनं महिन्याला ८० युरो मागे टाकणं ही साधी गोष्ट नाही. माझ्याकडे पगारदार माणसं येतात, त्यांनाही हे जमत नाही.

पण १,९०० हा आकडा तुला फसवतोय. बाबांनी जानेवारीत सहा महिन्यांचे ३,००० एकदम पाठवले. त्यातले एप्रिल, मे, जूनचे १,५०० अजून खात्यात पडून आहेत. ते खर्च झालेले नाहीत इतकंच, बाकी ते घरमालकाचे आणि वाण्याचे आहेत. तुझे म्हणावेत असे फक्त ४००. रक्कम एकाच खात्यात असली की मोबाइलवर एकच आकडा दिसतो आणि मन त्या आकड्याकडे बघून हॉटेल शोधायला लागतं. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याचं पोतं वेगळं ठेवायचे, ते याचसाठी. तुझ्या बँकेच्या अॅपमध्ये वेगळा कप्पा करून रक्कम बाजूला ठेवायची सोय असेल तर हे १,५०० आजच तिकडे टाक. नसेल तर वहीत लिही आणि वही अॅपच्या आधी उघड.

आता ते १८०. हा हिशोब कुणी केला, हे तू लिहिलं आहेस : तुमच्या गटातल्या मायोर्काच्या मैत्रिणीनं. फेरीबोट जाऊन-येऊन ३०, दोन रात्रींच्या घराचा वाटा ११०, गाडीचा वाटा ४०. मुलगी खोटं बोलत नाहीये. तिच्यासाठी फेरी खरंच तेवढ्यात होते. मायोर्का, इबिझा, फोर्मेन्तेरा ही सगळी बालेआरिक बेटं, आणि त्यांच्या रहिवाशांना मुख्य भूमीवर जाण्या-येण्याच्या विमान आणि बोटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत असते. बेटावर राहणाऱ्याला दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी समुद्र ओलांडावा लागतो, म्हणून सरकार तो भार उचलतं. सवलत जन्माची नसते, पत्त्याची असते. तुझा नोंदलेला पत्ता वालेन्सियाचा. तिकिटाच्या साइटवर 'रहिवासी' या खुणेवर टिक करून स्वस्त तिकीट काढलंस, तर ते चढताना तपासलं जातं आणि धक्क्यावर पूर्ण भाडं भरायची वेळ येते. तेव्हा फेरीचे ११० धर. बाकीचे स्पॅनिश नसलेले चौघेही हे ३० धरूनच बसले असतील, त्यांनाही सांग.

हिशोब पुढे नेऊ. बोट डेनियाहून सुटते, तिथपर्यंत बसचे जाऊन-येऊन २५. बेटावर तीन दिवस खाणं, अगदी सुपरमार्केटमधला पाव, चीज आणि टोमॅटो धरून, ७५. फोर्मेन्तेराला विमानतळ नाही. इबिझा बंदरातून अर्ध्या तासाची वेगळी बोट घ्यावी लागते, जाऊन-येऊन ४०. बेटांवर २०१६ पासून पर्यटकांकडून रात्रीच्या हिशोबानं कर घेतात. राहण्याच्या जागेच्या दर्जाप्रमाणे रात्रीला १ ते ४ युरो, वर व्हॅट. दोन रात्रींचे ५ धर. मग शनिवारची रात्र. सहाजण इबिझाला जाणार आणि एकाही क्लबात पाय ठेवणार नाहीत, यावर माझा विश्वास नाही, तुझाही नसावा. तिकीट ६० आणि आत दोन पेयांचे ३०. पाण्याची बाटलीसुद्धा तिथे बाहेरच्या जेवणाच्या भावात मिळते.

शेवटची रक्कम कुणाच्याच यादीत नव्हती, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुझी नोकरी शनिवार-रविवारची आहे. तू त्या दोन दिवशी बेटावर असशील तर त्या आठवड्याचे ६५ युरो येणार नाहीत. बाकीच्या पाचजणांना तीन दिवसांची सहल पडते तेवढीच पडते. तुला ती मजुरी बुडवून पडते.

बेरीज केली तर ५६० होते. फेरी, घर आणि गाडीचे २६०, बाकीचे ३००. १८० नव्हे. तुझ्या ४०० मध्ये ते बसत नाहीत. वरचे १६० त्या बाजूला ठेवलेल्या भाड्याच्या पैशांतून जातील आणि मग जूनमध्ये घरी फोन जाईल. म्हणूनच तुला ते १ लाख २० हजार आठवले.

तर त्या रकमेकडे येऊ. न उचललेल्या कर्जावर व्याज लागत नाही. शैक्षणिक कर्जात विद्यार्थ्याच्या हाती असलेली ही सगळ्यात स्वस्त सोय, आणि लोक ती शेवटच्या महिन्यात 'मंजूर झालंच आहे तर काढून टाकू' म्हणून घालवतात. मंजूर रक्कम म्हणजे आपली शिल्लक, असा एक विचित्र समज आपल्याकडे आहे. लग्नाच्या हॉलला चारशे पानं सांगितली म्हणून दोनशे माणसांनी आठशे पुऱ्या खायच्या, त्यातलाच प्रकार.

५६० युरो कर्जातून खर्च केलेस असं धर. युरो मी १०० रुपयांना धरते, हिशोबाला सोपा, प्रत्यक्षात थोडा वरच आहे. म्हणजे ५६ हजार. तुझं कर्ज अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरानं फेडायला सुरू होतं, तोवर साधं व्याज चढतं. पंधरा महिन्यांचं ७,३५०. फेड सुरू होईल तेव्हा ५६ चे ६३,३५० झालेले असतील. मग साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षं, महिन्याला ८५५ रुपये हप्ता. एकूण १ लाख अडीच हजारांच्या आसपास.

हा शेवटचा आकडा दाखवून मी तुला घाबरवू शकते, आणि माझ्या धंद्यातले बरेच लोक नेमकं तेच करतात. पण दहा वर्षांनंतरचे ८५५ रुपये आणि आजचे ८५५ रुपये एक नव्हेत, आणि मधे जास्त रक्कम भरून तू कर्ज लवकर मिटवूही शकतेस. खरा प्रश्न वेगळा आहे. तुला स्पेनमध्ये नोकरी लागली तर महिन्याला ८५५ रुपये म्हणजे आठ-साडेआठ युरो, दुपारच्या एका साध्या जेवणाहून कमी. तू पुण्यात परत येऊन पहिल्या पगारावर बसलीस तर तेच ८५५ रुपये २२ लाखांच्या हप्त्याच्या शेपटीला येतील. तो हप्ता महिना तीस हजारांच्या घरात असेल, आणि तेव्हा शेपटीसुद्धा जड वाटते. यातलं काय होणार हे आज तुलाही माहीत नाही, मलाही नाही. म्हणून आत्ता उचल करू नकोस. ते १ लाख २० हजार बँकेतच राहू देत, गरज पडलीच तर जूनमध्येही काढता येतील.

बाबा म्हणाले असतील, 'मी वेगळे पाठवतो.' नको म्हण. पंधरा-वीस हजार परदेशी पाठवायचे तरी बँकेची ठरलेली फी मोठ्या रकमेइतकीच सोसावी लागते, वर दरातली तफावत आणि जीएसटी आहेतच. छोटी रक्कम पाठवणं हाच सगळ्यात महागडा मार्ग. आणि आई काही बोलली नाही, ते तू पत्रात लिहिलंस यावरूनच कळतं की ते तुझ्या डोक्यात आहे. तिला बेरजेचा कागद दाखव. बहुतेक वेळा आयांना सहलीचा राग नसतो, अंदाजाचा असतो.

आता उरला जुलै. जूनअखेर तुझ्याकडे ४०० अधिक तीन महिन्यांचे २४०, म्हणजे ६४० असतील. जुलैचे ६९०, त्यातून पगाराचे २७० वजा केले तर ४२० कमी पडतात. तुझ्या बचतीतून ते भागतात आणि वर २२० राहतात. खोलीचं ३८० चं डिपॉझिट परत येईल, पण ते हातात पडेपर्यंत आलेलं धरू नकोस. किल्ल्या दिल्यावर हिशोब करायला घरमालक महिनाभर लावू शकतो, तोवर तू सांगलीत पोहोचलेली असशील. त्यासाठी तरी तिथलं खातं निघताना बंद करू नकोस. आणि मास्टर्सनंतर नोकरी शोधायला स्पेनमध्ये थांबायचा विचार असेल, तर त्या परवानगीसाठी स्वतःचा खर्च भागवता येतो हे पुन्हा दाखवावं लागतं. व्हिसाला जो मापदंड होता, महिन्याला ६०० युरोचा, तोच डोळ्यासमोर ठेव. थांबायचं असेल तर कर्जातल्या त्या उरलेल्या रकमेला एक चांगलं काम आहे. सहलीत घालवलीस तर नाही.

म्हणजे तुझ्या हातात मोकळे आहेत २२०. तीन दिवसांची सहल ५६० ची. असं बघितलं तर उत्तर सरळ 'नको' असं येतं. पण मी ते देणार नाही.

मी कोल्हापूरला शिकत होते तेव्हा वर्गाची गोव्याची सहल निघाली. माझ्याकडे पैसे नव्हते. खोलीतल्या मैत्रिणीकडून तीनशे रुपये उसने घेऊन गेले. सहल छान झाली, मिरामारची संध्याकाळ अजून आठवते. पण ते तीनशे फेडायला मला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत आम्ही दोघी संध्याकाळचा चहा एकत्र प्यायचं कधी बंद केलं ते कळलंही नाही. ती कधी मागायची नाही, मी कधी विषय काढायची नाही. पैसे फिटले, चहा परत सुरू झाला नाही. म्हणून जायचंच नाही, असं मी कुणाला सांगत नाही. पण गटातल्या माणसाच्या खिशातून जायचं नाही, हे मात्र सांगते. आता तुमच्याकडे बिझुम आहे, फोनवरून क्षणात पैसे जातात, त्यामुळे 'मी भरते, तू नंतर दे' हे आणखी सोपं झालंय. तू त्यात देणारीही होऊ नकोस आणि घेणारीही.

याच कारणानं कार्डाला नकार. भाड्याची गाडी देणारी कंपनी क्रेडिट कार्डावर हजार युरोपर्यंत रक्कम अडकवून ठेवू शकते. ती कापली जात नाही, फक्त अडकते, पण तेवढी मर्यादा बाबांच्या कार्डाची जाते. गाडी तुला चालवायची नाही, चालवणार इटलीचा मुलगा. दगडी भिंतीला आरसा घासला तर वाद कंपनीशी, बिल बाबांना. त्यावर भारतीय कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क, साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे शंभराला चार रुपयांच्या वर. आणि काउंटरवरचं मशीन विचारेल, 'रुपयांत द्यायचे की युरोत?' रुपये बघून बरं वाटतं, पण तिथला दर त्या मशीनवाल्याचा असतो. नेहमी युरोच दाब, ही सवय एटीएमलाही ठेव. कार्ड द्यायचं त्यानं, ज्याच्या हातात स्टिअरिंग.

तर मी काय करीन, ते सांगते.

१ मेला इबिझा नको. पैशांखेरीज आणखी एक कारण आहे, आणि ते मला पैशाहून मोठं वाटतं : मेच्या सुरुवातीला तिथल्या समुद्राचं पाणी अठरा अंशांच्या आसपास असतं. सांगलीची मुलगी त्यात गुडघ्यापर्यंत जाऊन फोटो काढेल आणि बाहेर येईल. ५६० युरो देऊन समुद्राकडे काठावरून बघायचं असेल, तर मालवारोसाचा किनारा तुझ्या ट्रामच्या रस्त्यावर आहे.

त्याऐवजी १ मेला ताबार्का. वालेन्सियातल्या तुमच्या वर्गाला हे बेट सुचलं नाही, कारण त्याची जाहिरात इबिझाइतकी होत नाही. आलिकान्तेजवळ, जेमतेम दोन किलोमीटरही लांब नसलेलं हे बेट. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या ताबार्का नावाच्याच बेटावरच्या, पुढे गुलामगिरीत सापडलेल्या जिनोआच्या कोळी कुटुंबांना अठराव्या शतकात स्पेनच्या राजानं सोडवून इथे वसवलं, म्हणून नावही तेच. तटबंदी, दरवाजे, आत चार गल्ल्या. भोवतीचं पाणी १९८६ पासून राखीव आहे, स्पेनमधलं पहिलं सागरी राखीव क्षेत्र. त्यामुळे मासे पायाशी दिसतात. तिथे 'कालदेरो' म्हणून माशाच्या रश्श्यातला भात करतात. कोकणातल्या माणसाला परका वाटणार नाही, सांगलीकराला जरा सवय लागेल. हॉटेलात तो सहसा दोन माणसांचा एकदम देतात, तेव्हा मेनूतला भाव माणशी आहे की भांड्याचा, ते आधी विचार.

गुरुवारी संध्याकाळी वर्ग सुटला की रेल्वेनं आलिकान्ते, साधारण दोन तास. रात्र वसतिगृहात. शुक्रवारी सकाळी बोट, आलिकान्तेहून तासाभराची, सांता पोलाहून अर्ध्या तासाची. संध्याकाळी परत वालेन्सिया. शनिवारी सकाळी तू कॅफेत हजर. प्रवास ३५, वसतिगृह ३०, बोट २५, खाणं ३०, म्हणजे १२०. मजुरी बुडाली नाही. जूनअखेर ६४० ऐवजी ५२० राहतील, जुलैचे ४२० भागून वर १००. शंभर ही माझ्या मते काठावरची रक्कम आहे, दात दुखला तर पुरणार नाही. पण डिपॉझिटचे ३८० मागे आहेत म्हणून मी ती चालवून घेते. गटातलं कुणी यायला तयार झालं तर उत्तम, नाही झालं तर एकटी जा. सुट्टीचा दिवस आहे, बोटीत गर्दी असेल, तिकीट आधी काढ. भर उन्हाळ्यात तर हे चिमुकलं बेट माणसांनी ओसंडतं, त्यामुळे तेव्हा जाण्यापेक्षा आत्ताच बरं.

मग इबिझा-फोर्मेन्तेराचं काय? ते सोडून दे असं मी म्हणत नाही. फोर्मेन्तेराचं पाणी इतकं नितळ आहे, त्याचं श्रेय पोसिडोनिया नावाच्या समुद्रतळच्या वनस्पतीला जातं. या दोन बेटांमधली तिची कुरणं १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्याच यादीत इबिझा गावातला जुना तटबंदीचा भाग, दाल्त व्हिला, आहे, आणि तिथे हिंडायला पैसे पडत नाहीत. किनाऱ्यालाही पडत नाहीत. स्पेनमध्ये १९८८ च्या कायद्यानं समुद्रकिनारा सार्वजनिक आहे, कुणी त्यावर बसायचे पैसे मागू शकत नाही. भाडं असतं ते आरामखुर्चीचं आणि छत्रीचं. घरून टॉवेल नेला की तो खर्च शून्य. म्हणजे बेट महाग नाही, बेटावरची रात्र महाग आहे. गाडी, क्लब आणि शनिवार या तीन गोष्टी काढल्या की तीच सहल ३६५ वर येते.

ही ३६५ ची सहल जूनच्या अखेरीस, आणि तिचे पैसे जूनमधूनच यायला हवेत. जूनच्या सुरुवातीला तुझी परीक्षा संपते. विद्यार्थ्यांना तिथे आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं, तू आठच करतेस. त्याच सुमाराला किनाऱ्यावरच्या खाण्याच्या जागांना माणसं कमी पडतात. परीक्षेनंतर तीन आठवडे, आठवड्याला सोळा तास जास्तीचे, तासाला ८ धरले तर ३८४. कॅफेच्या मालकाला मेमध्येच विचारून ठेव, आणि वाढीव तास कागदावर घे, तोंडी नको. पैसे जमले तर मंगळवारी जा, गुरुवारी ये. शिफ्टही बुडणार नाही. पाणीही तोवर पोहण्यासारखं झालेलं असेल. नाही जमले, किंवा प्रबंध मागे पडला, तर जाऊ नकोस, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. २३ जूनच्या रात्री सान हुआनच्या सणाला अख्खं वालेन्सिया मालवारोसाच्या वाळूत शेकोट्या पेटवून बसतं आणि मध्यरात्री लाटांवरून उड्या मारतं. त्याला तिकीट नाही. वाळूत फोन मात्र पिशवीत तळाशी ठेव. किनाऱ्यावर फोन गेला तर सगळ्या सहलींचं बजेट एका रात्रीत जातं.

कागदपत्रांची काळजी करू नकोस. बेटं स्पेनचीच, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही. तुझं परदेशी ओळखपत्र आणि पासपोर्ट, दोन्ही बोटीवर बरोबर असू देत. आरोग्य विम्याच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये आणि आईच्या फोनमध्ये.

गटाला हे कसं सांगायचं, असं तू पत्रात विचारलं नाहीस, पण अडणार तिथेच. 'पैसे नाहीत' असं सांगू नकोस, कारण मग ते म्हणतील आम्ही भरतो. 'शनिवारी माझी शिफ्ट आहे' असं सांग. ते खरं आहे आणि त्यावर कुणाला काही म्हणता येत नाही. आणि ते लवकर सांग, या आठवड्यातच. घर सहाजणांचं धरून ठरलं आणि तू नंतर गळलीस तर तुझे ११० पाचांत वाटले जातील, तो राग वाजवी असेल.

ताबार्काला गेलीस तर उतरल्या उतरल्या धक्क्यावर विचार, शेवटची बोट कितीची. बेटावर राहायच्या खोल्या मोजक्या आहेत, आणि त्या रात्रीचं भाडं मी १२० मध्ये धरलेलं नाही.